उलट्या आट्यांचा सिलेंडर

काकाची छाती गेली ती कंपनीत. रोह्याच्या एका केमिकल कारखान्यात तो ऑपरेटर होता. सकाळच्या शिफ्टला सायकलने पेण स्टेशन गाठायचा आणि तिथून गाडीने रोह्याला जायचा. एका दुपारी कुठलासा व्हॉल्व्ह नीट बसला नाही आणि पिवळट गॅस सुटला. सगळे गेटकडे धावले. काका धावला नाही, कारण आत दोन हेल्पर अडकले होते. त्याने त्या दोघांना ओढून बाहेर काढलं. ते दोघे आज ठणठणीत आहेत. काका मात्र त्या दिवसापासून आटत गेला. आधी चढणीला धाप लागायची, मग सपाटीवर लागायला लागली, मग जेवता जेवता. शेवटी पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं की घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा, दिवसातला बहुतेक वेळ नळी नाकाला पाहिजे.

हे मशीन म्हणजे चाकं लावलेलं एक घरघरणारं खोकं. साध्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीतून देतं. त्याला फक्त वीज लागते. आणि आमच्याकडे अडचण होती ती विजेचीच.

आमचा गाव पेण तालुक्यातला, गागोद्याच्या अलीकडचा, आत वळलेला. भात आणि भातामागून वाल, एवढीच शेती. विजेची लाइन झाडीतून येते. पावसाळ्यात एखादी फांदी तारेवर पडली की गाव बंद. वायरमन एक आणि त्याच्याकडे गावं पुष्कळ. काकाकडे इन्व्हर्टर होता, पण मशीन सतत चालवलं की थोड्याच वेळात तो पिरपिरायला लागायचा. मग ऑक्सिजनचा सिलेंडर काढायचा आणि तो संपायच्या आत दुसरा आणायचा. ज्या वर्षी मोठं वादळ आलं आणि खांबच्या खांब आडवे झाले, त्या वर्षी काकू मिळेल त्या टेम्पोत उभी राहून पेणला जायची आणि भरलेला सिलेंडर घेऊन परत यायची. रस्त्यात झाडं पडलेली असायची. तिथे उतरून ती आणि ड्रायव्हर सिलेंडर लोळवत पलीकडच्या गाडीपर्यंत न्यायचे. ते दिवस तिने कसे काढले हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मी काकाची पुतणी. आमची दोन घरं एकाच अंगणात, समोरासमोर. पेणच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले, रोह्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले आणि तिथेच खोली घेऊन राहिले. दिवसभर नमुने तपासायचे आणि तयार चौकटीत आकडे भरायचे. एक दिवस कळलं की एमआयडीसीतच एका छोट्या शेडमध्ये कोणी हायड्रोजनवर चालणाऱ्या विजेच्या पेट्या बनवतंय आणि त्यांना जोडणीला माणूस हवाय. मी गेले. मालकांना सगळे सर म्हणत. मुंबईहून आलेले, माझ्याहून थोडेच मोठे. त्यांनी माझी मार्कशीट पाहिली आणि विचारलं, "इथे सिलेंडर हलवावे लागतात. जमेल का तुम्हाला?"

मी म्हटलं, "आमच्याकडे भाताची पोती घरात आपोआप चालत येतात असं वाटतं का तुम्हाला?"

ते हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी या म्हणाले.

पेटी शिलाई मशीनच्या खोक्यापेक्षा जराशी मोठी. दोघांनी उचलून कुठेही नेता यायची. बाजूला लाल रंगाचा हायड्रोजनचा सिलेंडर उभा करायचा, नळी जोडायची की झालं. पेटीच्या पोटात पातळ पत्र्यांची चवड असते. प्रत्येक दोन पत्र्यांमध्ये एक पडदा, कागदासारखा. पडद्याच्या एका अंगाने हायड्रोजन येतो, दुसऱ्या अंगाने आपली साधी हवा. पडद्यावर दोघांची गाठ पडते. ज्वाळा नाही, धूर नाही, तरी वीज निघते. मागे उरतं ते थोडंसं कोमट पाणी, जे एका बारीक नळीतून थेंब थेंब खाली पडतं. डिझेलच्या जनरेटरसारखा आवाज नाही, छोट्या पंख्याची घूं घूं तेवढी. पहिल्यांदा त्या पेटीवर मी शेडमधला दिवा लावला तेव्हा बराच वेळ त्या थेंबांकडेच बघत बसले होते. लॅबमध्ये इतकी वर्षं काढली, पण आपल्या हाताने केलेलं काही असं पेटताना पाहिलं नव्हतं.

पेट्या तयार झाल्या तसं सरांना त्या शेडबाहेर, खऱ्या जागी चालवून बघायच्या होत्या. एक मोबाइल टॉवरवर गेली. एक कोणा बंगलेवाल्याकडे गेली. तिसरी कुठे द्यायची यावर बोलणं चाललं होतं, तेव्हा मी काकाचं सांगितलं.

सरांनी लगेच नकार दिला. "आजारी माणसाचं मशीन यावर चालवायला आपल्याकडे मान्यता नाही. काही झालं तर?"

"काही झालं तर ऑक्सिजनचा सिलेंडर शेजारी उभा असेलच. तो मी हलवू देणार नाही," मी म्हटलं. "आणि पेटी नसताना जे होतं ते तुम्ही पाहिलेलं नाही."

"तुमच्या घरचं माणूस आहे म्हणून तुम्ही..."

"घरचं आहे म्हणूनच. परक्याच्या अंगणात पेटी टाकून मी रोह्याला येऊन झोपले असते. इथे मला तोंड दाखवायचंय."

दोन आठवडे त्यांच्या मागे लागले. शेवटी त्यांनी होकार दिला. पेटी घराबाहेर उघड्यावर, वर फक्त पत्रा. ऑक्सिजनचा सिलेंडर कायम तयार. आणि काही बिघडलं तर पेटी लगेच बंद. या अटी मला मान्यच होत्या.

टेम्पोतून पेटी आणि लाल सिलेंडर उतरवला तेव्हा अंगणात काकू वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने सिलेंडरकडे पाहिलं.

"हे काय आणलंस गो?"

मी सांगितलं. हायड्रोजन, वीज, काकाचं मशीन, सगळं. ती शेंगा सोलत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "हा गॅस कुठनं येतो?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "रोह्यालाच. एक कंपनी कॉस्टिक सोडा बनवते, त्यात हा निघतो. तोच भरून मिळतो."

"म्हणजे त्याच कंपन्यांचा."

"त्या कंपनीचा नाय. पण हो, तिथलाच."

काकूने सूप बाजूला ठेवलं आणि उभी राहिली. "गॅसनं ह्यांच्या छातीचा भाता फाटला. आता गॅसनंच श्वास द्यायचा? माझ्या दारात ते नाय येणार. तू शिकलेली हायस, तुला नाय बोलायचं मला काय. पण ते उचल."

तिचा आवाज चढला नव्हता. त्यामुळे जास्त लागलं. काका खिडकीत बसून ऐकत होता, नाकाला नळी. 

मी आणि टेम्पोवाल्याने पेटी उचलली, पण परत टेम्पोत ठेवली नाही. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या घराच्या पडवीबाहेर जुना लाकडं ठेवायचा पत्रा होता, त्याखाली नेऊन ठेवली. सिलेंडर खांबाला साखळीने बांधला. काकू बघत होती. मी तिच्यासमोरच जोडणी केली, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ते बघितलं आणि पेटी सुरू करून आमच्या घरातला पंखा त्यावर लावला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की अमक्याच्या पोरीने बॉम आणून ठेवलाय. हायड्रोजन म्हटलं की लोकांना एकच शब्द माहीत. गावकीतले दोन जाणते दुसऱ्या दिवशी आमच्या ओटीवर आले. आईने चहा केला. एकजण चहा संपवून म्हणाले, "पोरी, तुझं शिक्षण तुझ्यापाशी. पण गावात हे नको. उद्या भडका झाला तर आजूबाजूची चार घरं जातील."

मी म्हटलं, "तुमच्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात गॅसचा सिलेंडर हाय. तो फुटतो ते तुम्ही ऐकलंय. तरी तो घरात, चुलीशेजारी. हा बाहेर हाय, उघड्यावर. हा गॅस हलका, सुटला तर वर जातो, खाली साठत नाय. आणि सुटल्यावर ओरडायला त्यात बारीक यंत्र हाय."

"कंपनीवाले पण असंच सांगायचे," दुसरे म्हणाले. "सगळं सेफ हाय म्हणून."

 आमच्या भागात ज्याच्या घरात कंपनीचा माणूस आहे त्याने हे ऐकलेलं असतं, आणि बऱ्याच जणांनी त्यापुढचंही पाहिलेलं असतं. ते घाबरत होते ते अडाणीपणाने नव्हे. मला ते कळत होतं आणि तरी मी मागे हटणार नव्हते.

"मी रोज रात्री या पेटीपासून दहा पावलांवर झोपणार," मी म्हटलं. "रोह्याची खोली सोडते. रोज हितनं जाऊन येऊन करीन. आधी माझं होईल, मग तुमचं."

ते आईकडे वळले. आई आतापर्यंत कपबश्या उचलत होती. ती म्हणाली, "पत्रा माझा हाय. पडवी माझ्या नावावर हाय. मी कोणाच्या दारात नाय ठेवलेलं काय." एवढं बोलून ती आत गेली. जाताना मात्र तिने कोंबड्यांचं खुराडं पेटीपासून लांब सरकवलं, हे मी पाहिलं.

मी खरंच रोज जाऊन येऊन करायला लागले. पहाटे उठून पेणला जायचं, रोह्याची गाडी पकडायची, संध्याकाळी परत. पेटी आमचा पंखा आणि दिवे चालवत राहिली. पोरं शाळेतून येताना लांबून बघत थांबायची, मग जवळून, मग त्या पाण्याच्या थेंबांखाली हात धरायला लागली. कोंबड्यांना ते पाणी आवडलं. खुराडं लांब असूनही त्या तिथेच येऊन बसायच्या. समोरच्या घरात मात्र वीज गेली की तेच सगळं, इन्व्हर्टर, पिरपिर, सिलेंडर. मी काकूशी बोलायला जायचे आणि ती सरळ बोलायची, जेवलीस का विचारायची, पण पेटीचा विषय निघाला की उठून आत जायची.

मग पावसाळ्यातली एक दुपार आली. सकाळपासून वारा होता आणि जेवणाच्या वेळी वीज गेली. त्या दिवशी मला सुट्टी होती. इन्व्हर्टरचा आवाज सुरू झाला तो अंगणापलीकडून ऐकू येत होता. काकूने वायरमनला फोन करून विचारलं तर कळलं की तिकडे खिंडीतच तारेवर झाड पडलंय, आज काही वीज येत नाही. ती ऑक्सिजनचा सिलेंडर जोडायला गेली असेल, तेवढ्यात दाराशी काका दिसला. लुंगी, बनियन, खांद्यावर टॉवेल. नाकाला नळी नव्हती. एक हात भिंतीला लावून तो उंबरा ओलांडत होता.

मी धावले. त्याने हात वर करून थांबवलं. अंगण ते केवढं, पण त्याला ते पार करायला किती वेळा थांबावं लागलं. पाऊस भुरभुर होता. तो भिजत आला आणि आमच्या पत्र्याखाली, पेटीशेजारच्या लाकडाच्या ओंडक्यावर बसला. ओठ काळसर झाले होते. बोलायला त्याला बराच वेळ लागला.

"मशीन आण हिकडं," तो म्हणाला. "मी हितंच बसणार."

काकू मागून आली. हातात ऑक्सिजनची नळी होती. सिलेंडर घरात, नळी तिच्या हातात, तिला काही सुचत नव्हतं. "अवो, हे काय करताय तुम्ही? चला घरात."

"नाय."

"तिथं सिलेंडर जोडलाय मी."

"तो संपणार. मग तू पेणला जाणार, ह्या पावसात. तू रस्त्यात हायस की नायस ते मी खिडकीतनं बघत बसणार." त्याने श्वास घेतला. "मी काय तुझ्यासारखा शूर नाय. मला ते बघवत नाय."

 मी समोरच्या घरातून मशीन ओढत आणलं. चाकं चिखलात रुतत होती, मग उचललंच. पडवीत आत ठेवलं, पेटीपासून भिंतीआड, आणि वायर बाहेर काढली. मशीन घरघरायला लागलं. काकाला पडवीत आत घेऊन नळी लावली.  हळूहळू त्याच्या ओठांना रंग आला.

मग तो काकूला म्हणाला, "ज्या कंपनीनं माझी छाती घेतली ती परत देणार नाय. पण तिथला गॅस माझ्या कामाला येतोय तर मी कशाला लाजू? इतकी वर्षं त्यांनी माझ्याकडनं घेतलंच की. आता थोडं मी घेतो."

"आणि भडकलं तर?" काकू म्हणाली.

"मला विचारलंय का कोणी आतापर्यंत?" काका म्हणाला. "तू नको म्हणतेस, ही पाहिजे म्हणते, गाव बॉम म्हणतो. नळी माझ्या नाकात हाय."

काकू अंगणात उभीच होती, पदर भिजलेला. पेटीकडे बघत. मग तिने मला विचारलं, "हे बंद कसं करायचं?"

"बटण..."

"बटण नको सांगूस. बटणं त्यांच्याकडे पण होती. गॅस जिथनं येतो तिथं बंद कसं करायचं?"

मी तिला सिलेंडरच्या डोक्यावर बसणारी, काढून ठेवता येणारी चावी दाखवली. चावी नेहमीसारखीच, उजवीकडे फिरवली की बंद. पण नळीचा सांधा वेगळा. हायड्रोजनच्या सांध्याचे आटे उलटे असतात, म्हणजे दुसऱ्या कुठल्या गॅसची नळी चुकून त्याला लागू नये. नेहमीच्या सवयीने डावीकडे फिरवायला गेलं तर सैल होण्याऐवजी आवळतं. काकूने पाना हातात घेतला आणि माझ्यासमोर सांधा एकदा सोडला, एकदा आवळला. मग साबणाचं पाणी मागितलं.

"चावी आणि पाना माझ्यापाशी राहील," ती म्हणाली. "तुझ्यापाशी नाय, तुझ्या सायबापाशी नाय. आणि पेटी माझ्या दारात येईल. हितं नाय. माझ्या नजरेसमोर पाहिजे."

पाऊस थांबल्यावर आम्ही पेटी तिच्या अंगणात हलवली. गावकीतल्या जाणत्यांपैकी एकजण बघायला आले होते. काकूने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सिलेंडरची साखळी तिने स्वतः बांधली.

त्या पावसाळ्यात ती पेटी किती वेळा चालली सांगता येत नाही. एका भरलेल्या सिलेंडरवर काकाचं मशीन अख्खा दिवस आणि वर थोडं चालायचं. दोन सिलेंडर आम्ही कायम ठेवायचो. मी रोह्याहून येताना टेम्पोवाल्याबरोबर भरलेला आणायचे. काकू रोज सकाळी दूध तापायला ठेवून आधी सांध्यांना साबणाचं पाणी लावायची, मग दूध उतरवायची. गावातले तिला विचारायचे, काय बॉमवाली, बरी हायस ना? ती म्हणायची, "अजून हाय."

मग एक दिवस पेटी ओरडली. मी रोह्याला शेडमध्ये होते. काकूचा फोन आला. "तुझ्या पेटीनं बोंब मारली. मी गळा आवळलाय तिचा. ह्यांना ऑक्सिजनच्या सिलेंडरवर घातलंय. ये तू."

सरांना सांगितलं, तेही माझ्याबरोबर निघाले. आम्ही पोचलो तर अंगणात अर्धा गाव. पेटी बंद, काका घरात नळी लावून बसलेला, काकू पायरीवर. आतल्या एका सांध्याचा वायसर झिजून गॅस किंचित झिरपत होता. फार नव्हता, पण होता. पेटीने तो ओळखला आणि काकूने मुख्य चावी बंद केली, एवढंच घडलं होतं.

सर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "लीकेजचं सांगू नका. म्हणा, सेन्सरची चूक झाली. लोक घाबरतील, बाकीच्या पेट्यांवर पण परिणाम होईल."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. कंपनीत त्या दुपारी ज्याने कोणी व्हॉल्व्हची गोष्ट झाकली, त्याचाही नसेल. मी अंगणात आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "गॅस झिरपत होता. थोडा, पण झिरपत होता. वायसर बदलते. बाकी सगळ्या पेट्यांचे पण बदलू आम्ही. हा वायसर, बघा."

आणि तो चपटा झालेला रबराचा वायसर मी हातातून हातात फिरवला.  सरांचा चेहरा उतरला होता.

"बघ, मी म्हणत नव्हतो?" गावकीतले ते जाणते म्हणाले. "उचला आता हे."

काकू पायरीवरून उठली नाही. बसल्या बसल्या म्हणाली, "कशाला उचलायचं? ओरडून सांगितलं ना तिनं? हिनं पण सांगितलं. कंपनीत त्या दिवशी कोण ओरडलं होतं? कोण सांगायला आलं होतं आपल्याला, काय झिरपलं ते? ह्यांना हॉस्पिटलात बघायला गेले तेव्हा चक्कर आलीय म्हणून सांगितलं मला." तिने पाना सरांच्या दिशेने धरला. "बसवा तुमचं ते वायसर. माझ्यासमोर बसवा."

सरांनी स्वतः बसवला.  काकूने साबणाचं पाणी लावून बघितलं आणि मगच चावी सोडली. त्यानंतर सरांनी शेडमधल्या सगळ्या पेट्यांचे वायसर बदलून घेतले. मला वाटलं होतं ते मला काढतील. काढलं नाही. पण बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलायचे.

पावसाळा संपता संपता त्यांनी मला बोलावलं. अलिबागकडच्या एका मोठ्या रिसॉर्टला लग्नासाठी शांत वीज हवी होती. हिरवळीवर दिवे आणि बाजूला जनरेटरची धडधड नको. रिसॉर्टवाले खूश झाले तर पुढे पुष्कळ काम मिळणार होतं. शेडमध्ये दुसरी पेटी त्यावेळी तयार नव्हती.

"तुमच्या काकांकडची काही दिवसांसाठी आणू," सर म्हणाले. "आता पाऊस गेला. वीज फारशी जात नाही."

"लग्नाला दिवे नसले तर नवरा-नवरी मरत नाहीत," मी म्हटलं.

"पेटी कंपनीची आहे."

"आहे. तुम्ही घेऊन जा. मी नाही आणणार."

ते स्वतः पिकअप घेऊन आले. काकूने त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, पोह्याचे पापड भाजून दिले. मग सगळं ऐकून घेतलं. सर सज्जनपणे समजावत होते, आठवडाभराचा प्रश्न आहे, मी शब्द देतो.

"आम्हाला नको होतं तेव्हा तुम्ही आणून ठेवलंत," काकू म्हणाली. "आता आम्हाला पाहिजे, तर तुम्ही नेताय. असं कसं चालंल? पेटी तुमची, कबूल. न्या. पण चावी माझ्यापाशी हाय आणि ती मी नाय देणार. बिनचावीची घेऊन जा, तुमच्या लग्नात ठेवा शोभेला."

आतून काकाचा खोकत हसण्याचा आवाज आला. सर उठले. पापड संपवला आणि म्हणाले, "येतो मी." रिकामा पिकअप घेऊन ते वडखळच्या रस्त्याला लागले. अलिबागला त्यांनी काय सांगितलं माहीत नाही. बहुतेक जनरेटर लागला असेल.

पुढच्या वर्षी शेड बंद झाली. सर मुंबईला गेले. जाताना त्यांनी पेटी आमच्याकडेच ठेवली, सुटे पडदे आणि वायसरही एका खोक्यात घालून दिले, आणि मला म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही बरोबर बोललात, अंगणात." एवढंच. मी आता रोह्यालाच दुसऱ्या कारखान्यात आहे, गॅस भरण्याच्या विभागात. तिथल्या नव्या मुलांना पहिल्या दिवशी मी एकच शिकवते, काही झिरपलं तर आधी मोठ्याने सांगायचं, मग दुरुस्त करायचं. दोनदा त्यावरून साहेबांचं बोलणं खाल्लंय. पुन्हाही खाईन.

काका दोन पावसाळे काढून गेला. हिवाळ्यातल्या एका सकाळी, वीज असताना, चहाचा कप हातात असताना. त्याच्या जाण्यात पेटीचा काही दोष नव्हता आणि काही उपकारही नव्हते. छातीच तेवढी होती.

काकूने वर्षभर पेटीवर पोतं टाकून ठेवलं होतं. मग खाडीकडच्या एका मुसलमान घरातून निरोप आला. त्या घरातला मुलगा आखातात असतो, सुट्टीवर आला होता. त्याची आई ऑक्सिजनच्या मशीनवर होती आणि त्यांच्याकडेही आमच्यासारखीच वीज. त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. मी पेटी तपासली. जुनी झाली होती, पूर्वीइतका जोर राहिला नव्हता, पण एक मशीन ओढेल एवढी होती. काकूला विचारलं. ती म्हणाली, "मी पण येते."

टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसून आली. तिथे पोचल्यावर आधी घराभोवती फिरली, वारा कुठून येतो ते बघितलं, चूल कुठे आहे विचारलं. पेटीसाठी दाखवलेली जागा तिला पसंत पडली नाही. "खाडीचा खारा वारा हितं सरळ येतो, पेटी खाऊन टाकंल," म्हणाली आणि दुसरी निवडली. शेजारचे काही जण कुंपणापलीकडे उभे राहून बघत होते. आमच्या अंगणात होते तसलेच चेहरे.

पलंगावरच्या म्हाताऱ्या बाईने काकूला विचारलं, "फुटत तर नाय ना हे?"

"फुटणार नाय असं मी सांगणार नाय," काकू म्हणाली. "बंद कसं करायचं ते सांगते. तुझ्या सुनेला बोलाव."

सून आली, कडेवर पोर. पोर सासूजवळ दिलं. काकूने तिला सांधा सोडायला लावला, मग आवळायला लावला. पहिल्यांदा तिने नेहमीच्या बाजूला फिरवलं. "उलटं गो, उलटं," काकू म्हणाली. तिसऱ्या वेळी सुनेला बरोबर जमलं. कुंपणापलीकडचा एकजण म्हणाला, बायकांच्या हातात कशाला देताय. सुनेने त्याच्याकडे पाहिलं आणि पाना पदराला बांधला. काकूने तिला आणखी काही शिकवलं नाही.

परत येताना वडखळला गाड्यांची रांग होती. रस्त्याकडेला मासळीवाल्या बसल्या होत्या. काकू टेम्पोतून उतरली आणि एक चांगला मोठा जिताडा घेऊन आली. काका गेल्यापासून तिने घरात मासळी आणली नव्हती. पिशवी पायाशी ठेवत ती मला म्हणाली, "आज माझ्याकडेच जेव. तुझ्या आईला पण सांग."